लालला लाल

माझ्या आईचा आवाज गेला, असं आमच्या दांडी गावात तीन वर्षं बोललं जात होतं. आवाज कुठेही गेला नव्हता. आई अंगणात बोलायला लागली की तिसऱ्या घरातून कोणीतरी ओ द्यायचं. तिचा आवाज नाहीसा व्हायचा तो फक्त लग्नाच्या मांडवात, आणि तो खाणाऱ्या स्पीकरच्या पेट्या बोईसरला मी काम करत होते त्याच कारखान्यात तयार होत होत्या. हे मला कळलं तेव्हा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

आमच्याकडे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला गाणं लागतं. ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. आई ते काम करायची. या गाण्यांत घरच्या माणसांची नावं ओवायची असतात. मामा, आत्या, थोरली जाऊ, सगळ्यांची. नाव घेतलं की त्या माणसाचा मान झाला. नाही घेतलं तर रुसवा, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो.

नव्वद सालानंतर मांडवात मोठ्या पेट्या यायला लागल्या आणि आईच्या हातात माइक आला. त्यानंतरच्या एका लग्नात नात्यातली एक आत्या न जेवता उठून गेली, कारण गाण्यात तिचं नाव आलं नाही. आलं होतं. मी आईला लागून बसले होते, मी ऐकलं होतं. पण मागे बसलेल्यांना नुसता सूर पोचत होता, शब्द पोचत नव्हते. असं आणखी दोन-चार ठिकाणी झालं. मग मांडववाला आईला म्हणाला, "काकी, आता वय झालं. आवाज बसला तुमचा. आपन कॅसेट लावू." आईने त्यानंतर बोलावणी घेणं बंद केलं. कोणी विचारलं तर घसा दाखवायची.

मी आयटीआय करून कारखान्यात लागले होते. कॉइल गुंडाळणे आणि तयार पेटी तपासणे हे माझं काम. तपासायची रीत मालकांनी ठरवलेली होती. ढोलताशाची कॅसेट लावायची आणि पेटीसमोर उभं राहायचं. छातीत धडधडलं आणि झांज खणखणली की पेटी पास. खालचा आवाज बघितला, वरचा बघितला, मधलं कोणी बघितलंच नाही. माणूस मधल्यात बोलतो, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पेटीत दोन स्पीकर असतात. मोठा जाड आवाजासाठी, छोटा म्हणजे ट्विटर, बारीक आवाजासाठी. कोणता आवाज कोणाकडे धाडायचा हे ठरवणारी कॉइल आणि कपॅसिटरची एक पाटी आत असते, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. आमची पाटी कोणत्या तरी जुन्या नकाशावरून उतरवलेली होती आणि ती का तशी आहे हे विचारायची पद्धत नव्हती.

मग ऑफिसात बिलं करायला कॉम्प्युटर आला. स्पीकर पुरवणाऱ्याने एक फ्लॉपी दिली होती, तिच्यात क्रॉसओव्हर काढायचा प्रोग्रॅम होता. कॉइल केवढी, कपॅसिटर केवढा हे भरलं की पेटी कशी वाजेल त्याचा आलेख तो पडद्यावर काढायचा. फ्लॉपी खणात पडून होती. मी जेवणाच्या सुट्टीत ती लावून बसायला लागले. सुपरवायझर येता-जाता विचारायचा, "क्या मॅडम, गेम खेल रही हो?" पुरुष कॉम्प्युटरसमोर बसला तर काम, बाई बसली तर गेम.

सुरुवातीला माझा आलेख सरळ रेघेसारखा यायचा आणि मला वाटायचं, पेटीत काही दोष नाही. पण मी स्पीकरच्या पाठीवर छापलेला आठ ओहमचा आकडाच सगळीकडे भरत होते. स्पीकर काही सगळीकडे आठ नसतो. आवाज जाड-बारीक होईल तसा तो आकडा बदलतो. प्रोग्रॅमला आपण जे सांगू ते तो खरं मानतो, उलट विचारत नाही. तेव्हा मी हवा तो सूर काढून देणारा सिग्नल जनरेटर, एक रेझिस्टन्स आणि मल्टिमीटर घेऊन पेटीत बसवलेले स्पीकर सुरापासून सुरापर्यंत मोजले आणि ते आकडे भरले. मध्ये वीज जायची. तारापूरला देशासाठी वीज बनते आणि शेजारी बोईसरला भर दुपारी पंखा थांबतो, याला काय म्हणायचं? भरलेलं पुसलं जायचं, मी पुन्हा भरायची.

खरे आकडे भरल्यावर आलेखाच्या बरोबर मधोमध खड्डा आला. विहिरीसारखा. जिथे मोठा स्पीकर सोडतो आणि ट्विटर धरतो, त्या ठिकाणी एक पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. दोघे मिळून काहीच वाजवत नव्हते. क, च, ट, स ही अक्षरं ऐकू येतात ती साधारण तिथेच. माइक तोंडात धरून ओरडणारा पुरुष कसाबसा निभावून जायचा. आईचे शब्द सरळ त्या विहिरीत.

प्रोग्रॅममध्ये ट्विटर उलटा जोडून बघायची सोय होती. मी बघितलं. खड्डा भरला. नवीन काही विकत आणायचं नव्हतं, ट्विटरच्या लाल आणि काळ्या वायरींची अदलाबदल करायची, बस. एवढ्यासाठी माझ्या आईला म्हातारी ठरवलं होतं.

मी एक जोडी तशी तयार केली. सुपरवायझरने उघडून पुन्हा 'सरळ' केली. "लाल को लाल, काला को काला. इतना तो बच्चा भी जानता है." मी आलेख दाखवला. तो म्हणाला, कॉम्प्युटर चुकला असेल. ऐकून तर बघा म्हटलं, तर त्याने ढोलताशा लावला. ढोलताशात काय फरक कळणार? मालकांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर असेलही. पण गिऱ्हाइकाने उलटी वायर पाहिली तर म्हणेल, बायका लावल्यात कामाला."

त्यानंतर मी कोणाला विचारलं नाही. चुलतभावाचं लग्न दांडीतच होतं, पेट्या आमच्याच कारखान्याच्या. मांडववाला नको नको म्हणत असताना मी सकाळीच स्क्रू ड्रायव्हर घेऊन दोन्ही पेट्या मागून उघडल्या आणि वायरी फिरवल्या. आई हळकुंडं निवडत बसली होती, तिच्या हातात माइक दिला.

"मी नाय गानार," ती म्हणाली.

"गाऊ नको, आये. नुसती नावं घे."

तिने यादी वाचावी तशी नावं घेतली. रुसलेल्या आत्याचं नाव आलं तशी ती मागच्या चुलीपासून कमरेवर हात ठेवून पुढे आली. "काय गो? कशाला हाक मारतंस?"

आईने माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग तीन वर्षां माजा आवाज गेला, आवाज गेला, ता काय होता?"

"वायर उलटी पाहिजे होती," मी म्हटलं.

"वायर." तिने माइक खाली ठेवला. "वायर तू फिरवलीस. लोकां बोलली ता कोन मागे घेल?"

त्या लग्नात ती गायली नाही. कॅसेटच वाजली, आणि कॅसेटचा शब्द न् शब्द कळत होता, याचा मला जास्तच संताप आला.

मांडववाल्याला मात्र फरक समजला होता. घोषणा शेवटच्या पंगतीपर्यंत पोचत होत्या. तो कारखान्यात येऊन उरलेल्या पेट्याही 'त्या बाईने केल्या तशा' करून मागायला लागला. गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर मालक लगेच तयार झाले, पण सुपरवायझरचा मान राहायला हवा होता. तोडगा असा निघाला की लाल वायर कुठे लावायची ते दाखवणारा ट्विटरवरचा लाल ठिपका खरवडायचा आणि दुसऱ्या टोकावर लावायचा. म्हणजे लालला लालच राहील. ठिपके लावायचं काम माझ्याकडे आलं. मी लावले. ब्रश आपटत लावले.

त्यानंतर केळव्याला एका लग्नात तोच मांडववाला, तीच दुरुस्त केलेली पेटी. नवरीच्या आईने घरी येऊन, हात धरून आईला बोलावलं होतं. आई मांडवात जाऊन बसली. मांडववाल्याने लगबगीने माइक आणून दिला आणि हसत म्हणाला, "काकी, आवाज परत आला म्हंतात तुमचा."

आईने माइक घेतला नाही. "परत कुठसून आला? गेलाच नव्हता. तुजी पेटी खराब होती. आदी ता सांग."

"सांगतो ना, काकी. बरोबर हाय तुमचं."

"माज्या कानात नाय. त्याच्यात सांग," माइककडे बोट करून ती म्हणाली.

हळदीचं ताट घेऊन आलेली मुलगी थांबली, नवरीची आई माझ्याकडे बघायला लागली. शेवटी त्याने माइक तोंडाशी नेला आणि घसा खाकरून सांगितलं की काकींचा आवाज पहिल्यापासून चांगला होता, दोष आमच्या पेटीचा होता. ते वाडीच्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. मग आईने त्याच्याकडून माइक घेतला, पदराने पुसला आणि पहिलं नाव घेतलं.