जुन्या चिपवरचा गुणाकार

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. डब्यातलं लोणचं एकमेकींपुढे सरकवता सरकवता ते साचत जातात, आणि कुणी “तुमची टीम नेमकं करायची काय?” असं विचारलं की कामाच्या आधी तेच आठवतात. ठाण्यात, बाळकुमच्या एका इमारतीत आम्ही तिघं होतो: आमचे प्रमुख आठवले सर, दर्शना आणि मी.

काम असं, की लोकांच्या खिशात आधीच गेलेल्या स्मार्टकार्डांना नवं कुलूप बसवायचं, म्हणजे त्यांतली माहिती गुप्त ठेवणारं नवं गणित. उद्या क्वांटम कॉम्प्युटर आला तरी फुटणार नाही असं. त्यासाठी लांबलचक बहुपदींचे गुणाकार लागतात, आणि कार्डातली बारकी चिप त्यात दमून जायची. कार्ड मशीनला टेकवा आणि चहा पिऊन या!

*

दर्शनाचे वडील खाडीत जाळं टाकणारे. ते तिला म्हणाले, “कुलूप फोरनारा अजून जल्मलाच नाय, आन् तुमी आतापासून कनाला घाबरताव?”

तिने ते सरांना सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणाले, “बाबांना सांग, कुलूपबंद माहितीची तिजोरी चोरांनी आजच उचलून नेलीय. किल्ली तयार व्हायची तेवढी वाट बघतायत!”

*

एका मीटिंगमध्ये वरचे साहेब वैतागले. “चिपच बदला ना! नवीन हार्डवेअर, विषय संपला.”

सर शांतपणे म्हणाले, “आणि नवं कार्ड घ्यायला म्हाताऱ्यांना पुन्हा रांगेत कोण उभं करणार? तुम्ही?”

आम्हाला मुदत मिळाली. जमलं नाही तर टीम बंद, हेही त्याच मीटिंगमध्ये कळलं.

*

त्या चिपमध्ये जुन्या कुलपासाठी बसवलेला एक भाग होता. त्याला एकच काम यायचं, अवाढव्य आकड्यांचा गुणाकार. पण तो झटपट!

सर म्हणाले, “बहुपदीतले सगळे आकडे मध्ये थोडी जागा सोडून एकाच मोठ्या आकड्यात बसवूया. गुणाकार एक, उत्तरं सगळी. युक्ती आपली नाही, पण आपल्या चिपवर चालेल.”

“सर, हे आधी का नाय बोललात?” दर्शनाने विचारलं.

“आधी सुचलंच नाही गं!”

*

त्याच आठवड्यात सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. हॉस्पिटलमधून डोंबिवलीच्या घरी आले तेव्हा एकच शब्द उरलेला: “बरं.”

पाणी हवं? बरं. दुखतंय? बरं. त्यांच्या पत्नी, शोभाकाकू, त्याचा अर्थ लावायच्या. “ते म्हणतायत, पंखा कमी करा.”

एक पाहुणे निघताना म्हणाले, “बाकी मजेत ना?”

“बरं,” सर म्हणाले.

त्या दिवशी काकू बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

*

शनिवारी आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जायचो. उत्तरं बहुतेक बरोबर यायची, मधूनच एखादं चुकायचं. का, ते सापडत नव्हतं. मी स्क्रीन खाली सरकवत होते, सर “बरं, बरं” करत होते. अचानक त्यांनी डावा हात स्क्रीनवर ठेवला.

“नाही!”

काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या.

चूक त्यांच्या हाताखालच्या ओळीतच होती: वेळ वाचवायला आकड्यांमधली जागा आम्ही कमी ठेवलेली. गुणाकार मोठा झाला की एक आकडा शेजारच्यात सांडत होता. दर्शना रडायलाच लागली. मी म्हटलं, “अगं, आधी दुरुस्त तर करूया!”

*

शेवटी चाचणी पास झाली. कार्ड टेकवलं न टेकवलं तोच हिरवा दिवा! टीम राहिली. आम्ही पेढे घेऊन थेट डोंबिवली गाठली.

“सर, झालं! त्याच चिपवर!”

सरांचे डोळे भरून आले. ओठ हलायला लागले. काकू नेहमीसारख्या त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या, हातात रुमाल, ते काय म्हणतायत हे आम्हाला सांगायच्या तयारीत.

सरांनी हळूहळू मान मागे वळवली. शब्द सापडायला खूप वेळ लागला.

“शोभा,” ते म्हणाले, “बस.”

काकू बसल्या.