शिळेवरचं तेरावं नाव

पणदऱ्याच्या वडारवस्तीतला सोपान धोत्रे. वय शहात्तर, हाताला छिन्नी-हातोड्याचे घट्टे आणि राग कायम नाकावर. त्याचा पणजा नीरेचा कालवा खणायला आला आणि इथलाच झाला. गावातल्या निम्म्या घरांची जोती या घराण्यानं घडवली. घरात मात्र ते वडारी बोलतात, तेलुगूच्या नात्यातली भाषा. चार भिंतींत काय बोलतात यानं कुणाचं काय बिघडतं? पण बिघडतं म्हणणारे शहाणे आता गावोगाव निघालेत.

सोपान आठ वर्षांचा असताना बाप यल्लप्पा त्याला खांद्यावर घेऊन संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला बारामतीला गेला होता. यल्लप्पाचं मराठी मोडकंतोडकं, घोषणा मात्र खणखणीत. पाठीत लाठी बसली ती कायमची. पुन्हा त्याला वाकता आलं नाही, आणि न वाकता दगड घडवता येत नाही. राज्य झालं त्या दिवशी बाजेवर पडल्यापडल्या तो पोराला म्हणाला, "आपलं राज्य झालं." तेही वडारीत म्हणाला.

यंदा महाराष्ट्र दिनाला चौकात शिळा बसवायचं तरुण मंडळानं ठरवलं. त्या लढ्यात उतरलेल्या गावकऱ्यांची नावं कोरायची. काम सोपानकडंच आलं. हातानं अक्षर कोरणारा पंचक्रोशीत दुसरा उरलाय कोण! मंडळाचा अध्यक्ष ऋषिराज यादी घेऊन आला. बारा नावं होती. सोपाननं दोनदा वाचली.

"आन माझा बा?"

"आबा, ही मराठी मानसांची यादी हाय," ऋषिराज सहज बोलून गेला. "तुमी घरात ते तिकडचं बोलता. उद्या कुनी हरकत घेतली म्हंजे?"

"तुझा पणजा न माझा बा एकाच बैलगाडीतनं गेल्यालं. मी व्हतो तितं."

"आसंल. पर ऱ्हाऊ द्या आता."

सोपानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसानं या राज्यापायी पाठ मोडून घेतली, त्याला त्याच राज्यात परका ठरवायचं, आणि तेही लढा संपल्यावर चाळीस वर्षांनी जन्मलेल्यानं!

"यादी त्यांच्या तोंडावर फेका," बायको बानूबाई चिडून म्हणाली.

"न्हाय. काम करनार," सोपान म्हणाला आणि वीस दिवस दातओठ खात कोरत बसला.

एक मेला सकाळी शिळेवरचं कापड सरकलं. नावं तेरा निघाली. बरोबर मधोमध यल्लप्पा धोत्रे. ऋषिराजचा चेहरा पडला. तो सोपानजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "आबा, ते मधलं आजच काढा."

सोपान मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "कोरल्यालं पुसता येत न्हाय. आख्खी शिळा तासावी लागती. बाचं नाव मी दोन सूत जादा खोल घेतलंय. त्ये जाईस्तवर बाकीची बारा कवाच गेल्याली असत्याल. तुझा पणजा बी." त्यानं पिशवीतून छिन्नी-हातोडा काढून पुढं धरला. "घे. कर सुरुवात."

ऋषिराजनं हात मागं घेतले. सोपान शिळेकडं वळला आणि भर चौकात त्यानं बापाला वडारीत हाक मारली.