माईंना पसंत पडलेली अंगणवाडी

अंगणवाडीच्या दारात थांबून माई आधी वास घ्यायच्या. खिचडीचा, मोरीचा, सतरंजीचा. मगच आत पाऊल. माई म्हणजे माझ्या सासूबाई. माझी ईरा तीन वर्षांची झाली आणि त्या डहाणूच्या आसपासच्या अंगणवाड्या बघत सुटल्या. तलासरीला बहिणीकडे गेल्या, तर तिथलीही पाहून आल्या आणि इथल्या सेविकेला ऐकवलं, "तिकडची पोरं मोठ्यानं गाणी म्हणतात गो. तुझी का गप्प?"

मी मागे उभी, लाजेने मान खाली घालून. माई पातेल्याचं झाकण उचलत, मटकी चाखत. मी "चला ना" म्हटलं की म्हणत, "लाज वाटते तर रिक्षात बस."

शेवटी त्यांना पाड्यावरची अंगणवाडी आवडली. "इथे पोरं बाईच्या अंगावर चढतात. म्हणजे बाई मारत नाही."

तेवढ्यात सेविकेने हजेरी घेतली. "सुमन?" पोरं एका सुरात ओरडली, "ती चिकूच्या वाडीत!"

"कुणाच्या?" माईंनी सहज विचारलं.

एका पोरीने त्यांच्याकडेच बोट दाखवलं. "ह्यांच्या."

सुमन आमच्याकडे चिकू काढायला येणाऱ्या जमनीची मुलगी. झाडाखाली बसून तान्ह्या भावाची झोळी हलवायची. माई तिला रोज पिकला चिकू द्यायच्या. सेविकेने पुढचं नाव पुकारलं. रिक्षात माई एवढंच म्हणाल्या, "एवढ्या अंगणवाड्या हिंडले, आणि घरच्या वाडीतलं पोर दिसलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जमनीला बोलावलं. ती घाबरली. "माई, कामावरून काढता काय?"

"नाही गो. झोळी आमच्या पडवीत बांध, तान्ह्याला आम्ही बघू. सुमनला मी शाळेत सोडते."

तेव्हापासून दोन्ही पोरींची बोटं धरून माई पाड्यावर जायच्या, पण फाटकाशीच थांबायच्या. सेविका आत बोलवायची, तर म्हणायच्या, "नको. मी आता कुठल्या तोंडाने बघू?"

शेवटच्या आजारपणात त्यांनी मला विचारलं, "जमनी मला काय म्हणत असेल गो?" मी विषय बदलला.

त्या गेल्यावर मीच जमनीला विचारलं. तिने टोपली खाली ठेवली.

"माई चांगल्या होत्या," ती म्हणाली. "सुमनच्या आधीची माझी दोन पोरं पण तुमच्या वाडीतच मोठी झाली. त्यांना लिहिता येत नाही."

तिने टोपली उचलली आणि ती कामाला गेली.