चार नंबरचं झाड आणि दसऱ्याचा फोटो

या ग्रुपवर मी तीन वर्षं आहे आणि आजवर फक्त शंका काढायला लिहिलंय. कोणाच्या घरी पंखा आपोआप सुरू झाला की खाली "वायरिंग तपासून घ्या" असं लिहून मोकळी होणारी ती मीच. भूतखेत, संकेत, अतृप्त वगैरे... यातलं मी काहीही मानलेलं नाही, आणि खरं सांगते, आजही मानत नाही. म्हणूनच तर चिडचिड होते. माझं कामच बॅटरीचं आहे हो! जर्मनीत नेकारसुल्मच्या बाजूला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सहा वर्षं बॅटरी टेस्टिंग करते. बॅटरी कधी संपेल आणि का संपेल, हे सांगण्याचा मला पगार मिळतो.

आम्ही राहतो ते गाव तिथून गाडीने पस्तीस मिनिटांवर. एका बाजूला द्राक्षमळे, दुसऱ्या बाजूला बीचच्या झाडांचं जंगल. वरच्या मजल्यावर मी आणि माझा नवरा निखिल, खाली घरमालक हेर एबर्ले. वय अठ्ठ्याहत्तर, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, आणि सोबतीला बेर्टा नावाची म्हातारी डाकेल कुत्री... लांबुडकी, आखूड पायांची, महा हट्टी. एबर्ले शिकारी आहेत. इथे जंगलाचा एक तुकडा शिकारीसाठी रीतसर कराराने घेतात, त्याला रेव्हियर म्हणतात. रानडुकरं कुठून येतात-जातात ते कळावं म्हणून एबर्लेंनी तिथे चार झाडांना चार कॅमेरे बांधलेत. समोर काही हललं की कॅमेरा फोटो काढतो आणि आतल्या सिमकार्डवरून मोबाइलवर पाठवतो. फक्त बॅटरी चालू हवी.

बॅटऱ्या बदलायचं काम त्यांची बायको करायची. ती गेल्यावर कॅमेरे बंद पडले. मी फुशारकीने म्हटलं, "हेर एबर्ले, मी बघते. हे माझंच काम आहे." तिथेच फसले.

प्रत्येक कॅमेऱ्यात आठ रिचार्जेबल सेल. तीन कॅमेरे सहा-सहा आठवडे बिनतक्रार चालायचे. चार नंबरचा मात्र चौथ्या दिवशी ढिम्म! सेल घरी आणून तपासले तर सगळे ठणठणीत. कॉन्टॅक्ट घासले, रबराचं सील बदललं, नवे सेल घातले. शेवटी दोन नंबरचा कॅमेरा चार नंबरच्या झाडाला बांधला आणि चारचा तिकडे. तर दुखणं झाडापाशीच राहिलं. तिकडे गेलेला कॅमेरा मजेत चालला आणि इकडे आलेला चार दिवसांत मेला. मी एक्सेल शीट केलं, तापमान लिहिलं, आर्द्रता लिहिली. निखिल म्हणायचा, "माझ्या तब्येतीची इतकी चौकशी कधी केली नाहीस." त्याला हसायला काय जातंय!

गेल्याच्या गेल्या वर्षी सप्टेंबरात माझे सासरे तीन महिन्यांसाठी आले. बाबा कऱ्हाडचे, निवृत्त वायरमन. सामानात स्वतःची जुनी पक्कड आणि टेस्टर घेऊन आलेला माणूस. एबर्लेंची आणि त्यांची गट्टी दुसऱ्याच दिवशी जमली. हे मराठीत बोलायचे, ते श्वेबिश या इथल्या बोलीत, आणि बेर्टा मधून चालायची. रोज सकाळी द्राक्षमळ्यातून चार नंबरच्या झाडापर्यंत फेरी. ते झाड घरापासून वीस मिनिटांवर आहे.

ऑक्टोबरात मक्याची कापणी झाली. मशीन शेतात शिरलं की आत लपलेली रानडुकरं बाहेर पळतात. बेर्टा त्यांच्या मागे जंगलात घुसली आणि परत आलीच नाही. तिचं शेवटचं भुंकणं चार नंबरच्या झाडाच्या बाजूने ऐकू आलं होतं. इथल्या शिकाऱ्यांची एक रीत आहे. कुत्रं हरवलं की ते आपला कोट तिथेच जमिनीवर टाकून येतात, म्हणजे धन्याचा वास धरून ते परत येतं. एबर्लेंनी आपला हिरवा कोट त्या झाडासमोर अंथरला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "फ्राउ पाटील, आल्झो, हे बघा... हा कॅमेरा आता बंद पडता कामा नये. बिट्टे, प्लीज."

आणि नेमका तोच कॅमेरा! चार दिवस सोडा, आता एका दिवसात बंद पडायला लागला. मी ऑफिसच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा सेल बदलत होते. एबर्ले दिवसभर गाडीने आसपासच्या गावांत फिरायचे, संध्याकाळी बेर्टाचं न खाल्लेलं खाणं टाकून भांडं धुवायचे आणि सकाळी परत भरून ठेवायचे. ते बघवत नव्हतं.

पाचव्या दिवशी दसरा होता. माझं होम ऑफिस होतं. आठ वाजता मी नवे सेल घालून आले आणि कामाला बसले. साडेअकराला चहाला उठले तर बाबांनी देवासमोर पूजा मांडलेली. पाटावर पक्कड, टेस्टर, बाल्कनीतला झेंडू... आणि हळदकुंकू लावलेले आठ सेल.

"बाबा, हे कुठले सेल?"

"चार नंबरचे. फिरायला गेलो तेव्हा काढून आणले. अगं, आज यंत्राला चालवायचं नसतं, हात जोडायचे असतात. रोज बंद पडतंय बिचारं, म्हटलं त्याचीच पूजा करावी. आता जाऊन परत घालतो की."

माझा ताबा सुटला. "अहो बाबा, तीन तास तो कॅमेरा बंद आहे! ती येऊन गेली असेल तर? तुमच्या हळदकुंकवापायी त्या माणसाचं कुत्रं मरायचं! वायरमन होतात ना तुम्ही?"

बाबा खाली बसले आणि रुमालाने एकेका सेलवरचं कुंकू पुसायला लागले. ते दिसत होतं, तरी माझा राग उतरत नव्हता.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

चार नंबरचा फोटो. वेळ ११.४२. तापमान ९ अंश. बेर्टा कोटावर उभी होती आणि थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. कोपऱ्यात बॅटरीची पातळी, १०० टक्के. आता हे समजून घ्या. रिचार्जेबल सेलचा व्होल्टेज मुळातच कमी असतो, त्यामुळे या कॅमेऱ्यांत ते पूर्ण भरलेले असले तरी साठ-पासष्टच्या वर आकडा दिसत नाही. माझ्या शीटमध्ये एकदाही शंभर नव्हते. आणि सेल तर बाबांच्या मांडीवर होते, मी मोजले. आठ.

एबर्ले तेव्हा नशिबाने जेवायला घरी येत होते, दारातच भेटले. आम्ही तिघं गाडीने पोचलो. कोट होता, बेर्टा नव्हती. कॅमेऱ्याचं झाकण मी स्वतः उघडलं. आत आठही खाचा रिकाम्या. मी मूर्खासारखं त्यात बोटं घालून बघितलं.

एबर्ले हाका मारत होते. बाबा मात्र झाडामागे पंधरा पावलांवर गेले आणि चक्क आडवे होऊन जमिनीला कान लावला. विजेच्या खांबांना कान लावण्यात जन्म गेलेला माणूस. "थांबा," ते म्हणाले, "खाली आहे. कण्हतंय."

तिथे बिज्जूचं जुनं, ढासळलेलं बीळ होतं. तोंड मातीने बुजलेलं, वर पानांचा थर, म्हणून कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाची माणसं आली. दोन तास खणल्यावर मुळांमध्ये अडकलेली बेर्टा निघाली. डोळ्यांत माती, नखं झिजलेली, अंगाचा नुसता सापळा... पण जिवंत. एबर्लेंनी तिला कोटात गुंडाळलं आणि लहान मुलासारखे रडले. मग बाबांसमोर उभे राहून टोपी काढली आणि म्हणाले, "वाइडमान्सहाइल." म्हणजे शिकार साधल्याबद्दल अभिनंदन; हे शिकारी फक्त शिकाऱ्याला म्हणतात. बाबांनी हात जोडले. बोटांना अजून कुंकू होतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही पहिल्या दिवसापासून आतच असणार, बाहेर येऊन परत जाणं शक्यच नाही. मग ११.४२ ला कोटावर कोण उभं होतं? फोटोतली बेर्टा स्वच्छ आहे. एका पायालाही माती नाही.

मी काय काय तपासलं ते विचारू नका. कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज? सेकंदभर टिकतो. जुना फोटो उशिरा आला? मग सेलशिवाय तो पाठवला कोणी? सिमकार्डच्या नोंदीतही ११.४२ च आहे. ऑफिसमधल्या सहकाऱ्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "मेसफेलर." म्हणजे मोजण्यातली चूक. अरे, आठ आणि शून्य यांत काय चूक होणार! माझ्या शीटमध्ये त्या दिवसाचा एक रकाना अजून रिकामा आहे. ते झाडही अजून चौथ्या दिवशी बॅटरी खातंय. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि तुमच्यापैकी कोणी "आत्मा" वगैरे लिहिलंत तर मी तेही मान्य करणार नाही.

बाबा नोव्हेंबरात परत गेले. त्या दिवशी मी जे बोलले त्याची माफी मागायची राहिली.

मागच्या दसऱ्याला सकाळी बेल वाजली. दारात हेर एबर्ले, पायाशी बेर्टा. हातात फडक्यात बांधलेले आठ सेल. "आज तो दिवस आहे ना?" त्यांनी विचारलं; त्या पूजेचं मी त्यांना सांगितलं होतं. "चार नंबरचे काढून आणलेत. तुमच्या फाटरसाठी." फाटर म्हणजे वडील. सासरे म्हणायला मी त्यांना कधी शिकवलंच नव्हतं.

मी पाट मांडला, बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा बॅटरीला कुंकू लावायला बसले. पहिला सेल हातात घेतला आणि म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले..."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ आले.

"अगं, टोकाला लावू नकोस," ते म्हणाले, "मधे लाव. टोकाला लावलंस तर गंज चढेल."