वरच्या मजल्यावरची माहेरवाशीण

गणपती बसले होते, आरती झाली होती आणि मोदकांचं ताट घेऊन मी नुकतीच बाहेर आले होते, तेवढ्यात टोमाशचा फोन आला. टोमाश म्हणजे लेन्काचा नवरा. तो, लेन्का आणि त्यांची मुलगी अनेष्का असं हे चेक कुटुंब कितीतरी वर्षं आमच्या सिडकोतल्या घराच्या वरच्या मजल्यावर राहिलं. टोमाश शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. फोन केला की आधी "ताई, जेवलात का?" असं विचारायची त्याला लेन्कानं सवय लावली होती. त्या दिवशी त्यानं ते विचारलं नाही. तिथंच मला कळलं. "आज सकाळी," एवढंच तो म्हणाला.

माझ्या सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या. आम्ही सगळेच त्यांना आई म्हणतो. ऐंशी ओलांडलेल्या, कानांनी कमी ऐकणाऱ्या, पण माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "लेन्का?" मी मान हलवली. त्यांनी हातातला मोदक परत ताटात ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

परदेशी भाडेकरू ठेवायचं ठरलं तेव्हा आमचे हे म्हणाले होते, "गोरी माणसं आहेत, शांत असतात." शांत! लेन्का पहिल्याच आठवड्यात दिवेलागणीला हातात खराटा घेऊन जिना झाडायला लागली, तर आई खालून ओरडल्या, "आगं बाई, तिन्हीसांजंला झाडू नाय! लक्ष्मी जाती." लेन्काला मराठीचा गंध नव्हता. मी तिला इंग्रजीत समजावून सांगितलं, तर तिचा पुढचा प्रश्न तयार, "कुठं जाते?" हे आईंना आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "जात आसंल समोरच्या पाटलाकडं. त्यांचाच बंगला वाढायलाय." तेव्हापासून लेन्का संध्याकाळी पाटलांच्या बंगल्याकडं संशयानं बघायची आणि स्वतःचा खराटा दाराआड लपवून ठेवायची.

मराठी ती आईंकडूनच शिकली, म्हणजे थेट आईंच्या दौलताबादची मराठी शिकली. मी शाळेत मराठी शिकवत आले, पण माझी प्रमाण भाषा तिला कधी भावली नाही. आईंबरोबर रिक्षानं औरंगपुऱ्यात भाजीला जायची. भाजीवाले तिच्याशी हिंदीत, नाहीतर मोडक्या इंग्रजीत सुरू व्हायचे आणि ही कमरेवर हात ठेवून म्हणायची, "भाऊ, ही जुडी शिळी हाय. दुसरी काढ की." भाजीवाल्याच्या तोंडाचा आ वासलेला असायचा आणि आईंची छाती अभिमानानं फुललेली. होळीला बोंब मारायची असते हे कळल्यावर तर तिनं अशी काही बोंब मारली की गल्लीतली कुत्री पळाली. "आमच्याकडं एवढ्या जोरात ओरडायला कुणी देत नाही," असं मला म्हणाली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घरापासून एवढ्या लांब आलेल्या बाईच्या पोटात काय काय साठलेलं असतं, ते मला त्या दिवशी जरा समजलं.

पण तिचा खरा सण महालक्ष्म्यांचा. गौरींना आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी बहिणी भाद्रपदात माहेरी येतात, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचं जेवतात आणि तिसऱ्या दिवशी जातात. त्यांचे मुखवटे घरातल्या दोघींनी दारातून वाजतगाजत आत आणायचे. ज्येष्ठा माझ्याकडं आणि कनिष्ठा माझ्या जावेकडं, असं ठरलेलं. जाऊबाई पुण्याला राहायला गेल्या आणि कनिष्ठेला आणणारं कुणी उरलं नाही. आई म्हणाल्या, "वरची हाय की." जाऊबाईंनी फोनवर नाक मुरडलं, तिला आपल्यातलं काय कळतंय, साधं नऊवारी तरी नेसता येतं का! आई माझ्याकडं बघत म्हणाल्या, "नऊवारी हिलाबी येत नाय अन् तिलाबी येत नाय. मग फरक कुठं राह्यला?" माझी विकेट पडली आणि लेन्काचं काम झालं.

आमच्याकडं उंबऱ्याच्या आत उभं राहून आई विचारतात, "कोण आली?" बाहेरच्यांनी म्हणायचं, "महालक्ष्मी आली." पहिली मी म्हणाले. मागून लेन्का कनिष्ठेचा मुखवटा छातीशी धरून आली. आईंनी विचारलं, "कोण आली?" लेन्का गडबडली. इतके दिवस एका घरात राहून आई आपल्याला ओळखत कशा नाहीत, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "आई, मी लेन्का," ती म्हणाली. आम्ही हसून हसून बेजार. आई तेवढ्या हसल्या नाहीत. "बरं, लेन्का आली. काय घेऊन आली?" यालाही धनधान्य, सुखसंपत्ती असं ठरलेलं उत्तर असतं. लेन्कानं खरंखुरं सांगितलं, "खसखशीचा रोल." तो तिनं सकाळीच भाजून ठेवला होता. तिच्या आईच्या गावी सणाला करतात तसा, आत वाटलेल्या खसखशीचं गोड सारण घातलेला. "अंडं घातलंय का गं?" हा आईंचा पहिला प्रश्न. घातलं होतं. त्या वर्षी तो आम्ही नैवेद्याबाहेर खाल्ला. पुढच्या वर्षापासून बिनअंड्याचा रोल अनारशांच्या शेजारी मानानं बसू लागला.

मग मुखवटे घरभर फिरवायचे. प्रत्येक खोलीत आई विचारतात, "हितं काय हाय?" आणि आपण सांगायचं, धनधान्य आहे, दूधदुभतं आहे. सगळ्या खोल्या झाल्या, आता देवी बसवायच्या, तर लेन्का मुखवटा घेऊन सरळ जिन्याकडं निघाली. मी म्हटलं, "अगं, कुठं निघालीस?" ती म्हणाली, "वर पण घर आहे ना ताई! तिला माझा ओटा दाखवते." तिला कोण अडवणार? आईसुद्धा गुडघे धरत मागोमाग चढल्या. तेव्हापासून आमच्या महालक्ष्म्या वरचा मजला बघितल्याशिवाय बसत नाहीत.

लेन्का डावखुरी. डाव्या हातानं देवीला हळदकुंकू कसं चालेल, यावर आई दोन वर्षं कुरकुरल्या आणि मग थकल्या. कनिष्ठेला साडी लेन्काच नेसवायची, त्यामुळं तिच्या निऱ्या उलट्या बाजूला वळायच्या. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की एकीच्या निऱ्या इकडं आणि दुसरीच्या तिकडं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका हळूच दाखवायच्या, तर आई ठसक्यात सांगायच्या, "आमच्यात आशाच आसत्यात."

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर ती थकल्यासारखी दिसायला लागली. रक्ताचा आजार निघाला. उपचार तिकडं, तिच्या आईच्या गावाजवळ करायचे ठरले. संक्रांतीनंतर ती गेली. निघताना आईंनी तिला पाटावर बसवून ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. लेन्कानं आईंच्या पाया पडून सांगितलं, "महालक्ष्म्यांना येते." त्या वर्षी ती आलीसुद्धा, वाळलेली पण हसरी. कनिष्ठेला साडी नेसवताना मध्येच खुर्चीवर बसायची आणि पुन्हा उठायची. त्यानंतर मात्र येणं झालं नाही. या उन्हाळ्यात टोमाश एकटा येऊन सामान घेऊन गेला. सगळं बांधून झाल्यावर तिचा फोन आला, "ताई, खसखशीचा डबा फळीवरच राहू दे हं. भाद्रपदात लागेल."

आजारपणात ती व्हिडिओवर दिसायची. डोक्याला रुमाल. आईंनी पहिल्यांदा बघितलं आणि विचारलं, "केस कुठं गेले गं माय?" लेन्का म्हणाली, "तिरुपतीला वाहिले." आई इतक्या हसल्या की ठसका लागला, मग फोन माझ्या हातात देऊन आतल्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. दर वेळी लेन्का विचारायची, यंदा महालक्ष्म्या कधी आहेत? आई कॅलेंडर काढायला लावायच्या. डॉक्टर प्रवासाला परवानगी देत नाहीत हे आम्हा तिघींनाही माहीत होतं... तरी आम्ही तारीख बघायचो.

आणि ती नेमकी चतुर्थीला गेली, महालक्ष्म्या तीन दिवसांवर आलेल्या असताना. संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. त्यांना वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू, पण त्या म्हणाल्या, "परकी बाई ती. तिचं आपल्याला कसलं सुतक? महालक्ष्म्या नेहमीसारख्या होऊ द्या." मला ते 'नेहमीसारख्या' सहन झालं नाही. मी म्हटलं, "मला यंदा उभ्याच करायच्या नाहीत." मग जाऊबाई चिडल्या, मी चिडले. माझं तरी काय चुकलं? सुतक धरावं तर लेन्काचा एवढा आवडता सण बुडणार आणि न धरावं तर ती आमची कुणीच नव्हती असं होणार. दोन्ही मला नको होतं. फोन स्पीकरवर होता. आई कॉटवर बसून बोटांची पेरं मोजत होत्या.

"लगीन झालेली लेक गेली तर म्हायेराला किती दिवस आसतं?" त्यांनी विचारलं.

"तीन," जाऊबाई म्हणाल्या.

"आज चवथ. पंचमी, सष्टी. सातमीला सकाळी डोक्यावरून न्हाऊ अन् सांजंला महालक्ष्म्या आणू."

"पण आई, लेक म्हणजे..."

"माझ्या हातानं ओटी भरून या दारातून वाटं लावली तिला. लेक नाय तर कोण व्हती मग?"



तीन दिवस घरात तळणाची कढई चढली नाही. गणपतीची आरती समोरचे पाटील येऊन करून गेले. आई पिठलं-भाकरी खायच्या आणि खाली चटईवर झोपायच्या. कंबर दुखते म्हणून गादी घ्या म्हटलं तरी ऐकलं नाही. दर्शनाला येणाऱ्यांना त्या दारातच सांगायच्या, "सुतक हाय." लोक दचकून विचारायचे, "कुणाचं?" "लेकीचं." आईंना मुलगी नाही, दोन मुलगेच, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. पण कुणी पुढं विचारलं नाही. दोन-तीन बायका तर तिथंच पायरीवर बसून रडल्या.

सप्तमीला न्हाणं झाल्यावर मी कनिष्ठेची साडी काढली. दरवर्षी तीच असते. निऱ्या घालायला घेतल्या, तर कापडावर मागच्या वेळच्या मोडी तशाच होत्या, लेन्काच्या हाताच्या, उलट्या बाजूला. मी सरळ करून बघितलं, साडी ऐकेना. मग मी ऐकलं.

त्या संध्याकाळी दोन्ही मुखवटे मीच आणले, आधी ज्येष्ठा आणि मग पुन्हा दाराबाहेर जाऊन कनिष्ठा. कनिष्ठेच्या वेळी "कोण आली?" असं आईंनी पुन्हा विचारलं. मी कसंबसं "महालक्ष्मी आली" म्हटलं. खोल्या फिरून झाल्या आणि मी मुखवटा घेऊन मखराकडं वळले, तोच आई म्हणाल्या, "वरचं राह्यलं की गं." गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्या जिना चढत नाहीत. त्या दिवशी कठडा धरून, थांबत थांबत चढल्या.

वर दिवा लावला. रिकामा ओटा, भिंतीवर अनेष्काची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा, खिळे. आईंनी विचारलं, "हितं काय हाय?" धनधान्य आहे, असं म्हणायचं असतं. पण देवीला हातात धरून खोटं कसं बोलू? एवढ्यात फळीवरचा डबा दिसला.

"खसखस आहे," मी म्हणाले.

आईंनी डबा काढला, पदरानं पुसला, झाकण उघडून आत बघितलं. "काठोकाठ हाय की. दाखव तिला." मी मुखवटा डब्यासमोर धरला, आणि तीन दिवस आवरून धरलेलं रडू तिथं फुटलं. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

आता दसराही होऊन गेला. वरचा मजला भाड्यानं द्यायचं हे म्हणतात, आणि तो द्यायला हवाच. मी फक्त एवढं सांगून ठेवलंय की जे कुणी राहायला येतील त्यांना म्हणावं, त्या फळीवरचा डबा हलवू नका. भाद्रपदात लागेल.