चुन्याच्या कडेचे ओटे
नव्याने चुना लावलेल्या भिंतीचा वास आला की मला धुळ्यातली, पांझरा नदीजवळची एक गल्ली आठवते. स्वातंत्र्याच्या चार-पाच वर्षं आधी मी तिथे एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. नगरपालिकेतला एक कारकून माझा मित्र होता. तो म्हणाला, "जुन्या गल्लीचे फोटो काढून ठेवतोय, आठवण म्हणून. लोक तुझं ऐकतात, जरा सांग त्यांना." मी दारोदार जाऊन सांगितलं. गल्लीनं सणासारखी तयारी केली. दारापुढचे ओटे शेणानं सारवले, त्यांच्या कडांना पांढराशुभ्र चुना लावला. कोपऱ्यावरची म्हातारी अक्का नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, "भाऊ, मना ओटा पुरा येवू दे हं फोटूमा!" सगळे हसले. महिन्याभरानं घरोघर अतिक्रमणाच्या नोटिसा आल्या. कुणाचा ओटा रस्त्यात किती पुढे आलाय, हे चुन्याच्या कडेमुळे फोटोत स्वच्छ दिसत होतं. मी मित्राला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर कॅमेरा लावू दिला असता का त्यांनी?" ओटे फोडले त्या सकाळी अक्का मला एवढंच म्हणाली, "तू सांगं म्हनीसनच चुना लावा व्हता ना, भाऊ." परवा त्या वस्तीचा इतिहास लिहिणाऱ्या एकानं तेच फोटो माझ्यापुढे ठेवले. घरं कुणाकुणाची ते मी सांगितलं. अक्काच्या फोटोपाशी मात्र थांबलो. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. कॅमेऱ्याशेजारी मी उभा होतो. ती माझ्याकडे बघून हसते आहे.