चित्रातली टेलिफोन ऑपरेटर

नातीने शाळेच्या वाचनालयातून चित्रांचं पुस्तक आणलं आणि त्यात मीच निघाले. पानभर टेलिफोन एक्सचेंजचा बोर्ड आणि त्याच्यापुढे कानाला हेडफोन लावून हसत बसलेली बाई. खाली लिहिलं होतं, ‘पूर्वी ही बाई सगळ्यांचे फोन जोडून देत असे.’

देत असेल. हसत मात्र आम्ही कधी बसलो नाही. आणि नुसते जोडत नव्हतो, तोडतही होतो. ट्रंक कॉलवर, म्हणजे परगावच्या फोनवर, आवाज थांबला की मध्ये शिरून विचारायचं, “बोलणं चालू आहे का?” उत्तर आलं नाही, तरच प्लग काढायचा. एका दुपारी बोर्डावर दिव्यामागून दिवे लागत होते, लोक ताटकळले होते, आणि एका लाइनवर नुसती शांतता होती. मी न विचारताच प्लग ओढला. ओढता ओढता एका बाईचा दबलेला हुंदका कानावर आला. लाइन पुन्हा जोडेपर्यंत पलीकडचा, पोस्टातल्या फोनवरून बोलणारा माणूस निघून गेला होता.

चित्रात हुंदका कुठे काढणार म्हणा! पण ती हसरी बाई मला बघवेना. नात मात्र त्याच पानावर खिळलेली, अगदी गप्प. मी पान उलटायला घाईने हात घातला.

“थांब ना गं आजी,” ती म्हणाली, “माझं बघणं चालू आहे.”

मी हात मागे घेतला. आजही विचारलं नव्हतंच मी.